१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच

महाशिवरात्र उलटली की आमच्या औसा तालुक्यात माणसे येता-जाता विहिरीत वाकून पाहू लागतात. काल पाणी कुठवर होते आणि आज कुठे आहे, हे मोजायला कोणी फूटपट्टी आणत नाही. कडेच्या दगडांच्या थरांवरून ते नजरेनेच मोजले जाते. यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस मी संभाजीनगरहून गावी गेले, तेव्हा अण्णा आणि तात्या यांनी विहिरीत आडवे बोअर मारून घ्यायचे पक्के केले होते, आणि ते कोणत्या बाजूला मारायचे यावरून दोघा भावांत आठ दिवस अबोला नसला तरी बोलणेही फारसे नव्हते. अण्णांच्या मते झरा उगवतीला होता, तात्यांच्या मते उत्तरेला. आडव्या बोअरचे पैसे फुटावर मोजावे लागतात, आणि काळ्या पाषाणात चुकीच्या बाजूने गेलेला प्रत्येक फूट हा भोकात घातलेला पैसा असतो, त्यामुळे हा वाद केवळ आठवणीचा नव्हता.

आमच्या विहिरीचा तळ सर्वांनी मिळून पाहिला, तो २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षीचे काही फार सांगावे लागत नाही. लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शहरासाठी निदान रेल्वे आली. गावात टँकर येई, तोही सांगितलेल्या दिवशी येईलच असे नसे. मे महिन्यात विहीर पूर्ण उघडी पडली, तेव्हा अण्णांनी माणसे लावून गाळ काढून घेतला आणि पुढच्या वर्षी खालच्या भागाला सिमेंटचे बांधकाम केले. पाणी आत यावे म्हणून बांधकामात चहूबाजूंनी भोके ठेवली, पण त्यामुळे मूळ झऱ्याचे तोंड नेमके कोणत्या भोकामागे दडले आहे, हे आता आत उतरूनही कळत नाही.

जेवताना अण्णा एकदम म्हणाले, “तुझ्या त्या जुन्या मोबाइलात फोटो असंल की माय. गाळ काढताना तू काढलीस की तवा.”

फोटो काढल्याचे मला आठवत होते, तो कोणत्या फोनवर काढला हेही आठवत होते. २०१४ साली, लातूरला शिकत असताना, गंजगोलाईतून घेतलेला तो अँड्रॉइडच्या किटकॅट आवृत्तीवर चालणारा, मागचे झाकण नखाने उघडता येणारा साधा फोन होता. २०१८ मध्ये त्याचे बटण दबलेलेच राहू लागले, तो आपोआप चालू होई आणि आपोआप बंद पडे. म्हणून मी बॅटरी काढली, दोन्ही वस्तू वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळल्या आणि नवा फोन घेतला. आईने ती दोन गाठोडी पत्र्याच्या ट्रंकेत, सातबारा आणि पीककर्जाच्या कागदांच्या पिशवीखाली, जशीच्या तशी ठेवली होती. आमच्या घरात एकदा ट्रंकेत गेलेली वस्तू कोणी टाकत नाही. तिची गरज पडली नाही तरी ती असल्याचे समाधान घरच्यांना पुरते.

बॅटरी वेगळी काढून ठेवली होती हे नशीब, कारण फोनमध्ये राहिली असती तर सात वर्षांत ती पार बसली असती. लिथियमची बॅटरी आणि विहीर यांत एक गोष्ट सारखी आहे: दोन्हींचा तळ लागेपर्यंत उपसा करायचा नसतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो, आणि फोन ‘शून्य टक्के’ दाखवून बंद पडतो तेव्हाही तिच्यात तीन व्होल्टांहून अधिक शिल्लक असते. ही राखलेली शिल्लक आपल्यासाठी नसून तिच्या स्वतःच्या जिवासाठी असते. फोन बंद असला तरी त्यातले एखादे सर्किट थेंबथेंब पीत राहते, बॅटरी बाहेर काढली तरी ती आपणहून थोडीथोडी उतरतेच, आणि दाब अडीच व्होल्टांच्याही बराच खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचाच अंश विरघळू लागतो. मग तिला पुन्हा भरणे धोक्याचे ठरते. म्हणून जुना फोन चालू करण्याचे पहिले काम बटणाशी नसतेच, ते डोळ्यांनी आणि बोटांनी बॅटरी तपासण्याचे असते. मी ती जेवणाच्या पाटावर आडवी ठेवून भोवऱ्यासारखी फिरवून पाहिली. फुगलेली बॅटरी मधल्या उंचवट्यावर गरगर फिरते, सपाट बॅटरी लगेच अडते. ती अडली. फिरली असती तर मी तिला हातही लावला नसता, कारण तो फुगवटा आतल्या रसायनातून निघालेल्या वायूचा असतो, आणि ‘सुईने टोचून हवा काढावी’ असे सांगणारे महाभाग आमच्या गावातही आहेत.

खोडरबराने पितळी टोके घासली, बॅटरी बसवली आणि जुन्याच चार्जरची पिन लावली. काहीच झाले नाही. ना दिवा, ना चित्र, ना थरथर.

या ‘काहीच न होण्या’च्या अर्ध्या तासात बहुतेक जुने फोन मेलेले ठरवले जातात, असे मला वाटते. माझा पुतण्या दहावीत आहे. त्याने दोन मिनिटांत चार वेळा बटण दाबले, चार्जरची पिन काढून घातली, मग स्वतःचा जलद चार्जर आणला, ज्याचे टोक या फोनला बसतच नव्हते. (बसले असते तरी फार फरक पडला नसता, विजेचा किती घोट घ्यायचा हे चार्जर नव्हे, फोन ठरवतो.) आत मात्र काम सुरू झालेले असते. दाब खूप खाली गेलेला दिसला की चार्जिंगचे सर्किट बॅटरीला नेहमीचा प्रवाह देत नाही, अगदी बारीक धार सोडते आणि पाहत राहते की ती टिकते का. पडदा उजळण्याइतकी शक्तीही त्या वेळी वाया घालवायची नसते, म्हणून पडदा काळा राहतो. आपण मात्र काळ्या पडद्याचा एकच अर्थ लावतो.

पंचवीस मिनिटांनी बॅटरीचे रिकामे चित्र उमटले. पुतण्याने ताबडतोब बटण धरले, कंपनीचे नाव झळकले, आणि फोन पुन्हा काळा पडला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. ओसरीवर बसलेल्या अण्णांना स्मार्टफोनातले फारसे कळत नाही, पण स्टार्टर आणि मोटर यांत त्यांची पन्नास वर्षे गेली आहेत. ते म्हणाले, “कशाला सारखं सारखं दाबूलालास? लाइट आली की लगी मोटर चालू करतेत व्हय?”

हे त्यांनी फोनविषयी सांगितले नव्हते, पण फोनलाही ते तंतोतंत लागू होते. शेतीची लाइट आल्याबरोबर सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम चालू होतात, दाब कोसळतो, आणि घाई करणाऱ्याची मोटर नुसती घुंघुं करून जळते. जाणता शेतकरी दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच हिरवे बटण दाबतो. फोनलाही सुरू होण्याच्या क्षणी सर्वांत जास्त ओढ लागते, कारण प्रोसेसर, स्मृती आणि पडदा हे सर्व एकाच वेळी जागे होतात. अशक्त बॅटरीला ती ओढ सोसत नाही, दाब खाली जातो आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. पुन्हा बटण दाबले की मघाशी साठलेले थोडेसे पुन्हा खर्ची पडते. असे तासभर करत राहिले, तर चार्जर लावलेला असूनही फोन कधीच वर येत नाही. मी पुतण्याच्या हातून फोन घेतला आणि तो कोनाड्यात, तुळईच्या सावलीत, उन्हापासून दूर ठेवला.

थांबण्याच्या त्या दोन तासांत माझ्या मनात आले की ‘बंद करून चालू कर’ हा आपल्या काळातला सर्वांत जास्त दिला जाणारा सल्ला असावा, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. फोन अडखळतो तेव्हा त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत एखादे काम अर्धवट अडकलेले असते. पुरवठा तोडला की ती स्मृती पुसली जाते आणि फोन कोऱ्या पाटीने सुरुवात करतो. हल्लीच्या फोनची बॅटरी काढता येत नाही, म्हणून बटण आठ-दहा सेकंद दाबून धरण्याची सोय दिलेली असते, आणि ज्यांचा फोन गोठल्यासारखा होतो त्यांनी दुकानात धावण्याआधी ती करून पाहावीच. पण वर्षानुवर्षे पडून राहिलेला फोन चालू करणे हा त्याच्या नेमका उलट प्रकार आहे. रीस्टार्ट केलेला फोन नुकतेच घडलेले विसरतो आणि तारीख-वेळ लक्षात ठेवतो. ट्रंकेतून काढलेल्या फोनला मागचे सगळे आठवत असते, तो फक्त आज कोणता दिवस आहे ते विसरलेला असतो.

संध्याकाळी चाळीस टक्के भरल्यावर मी बटण एकदाच, नीट, तो थरथरेपर्यंत दाबून धरले आणि सोडले. चित्रे हलली, थांबली, पुन्हा हलली. चार मिनिटे गेली असतील. मग कुलूप आले. चार अंकी आकडा शेताचा गट क्रमांक आणि पुढे एक शून्य असा होता, कारण अण्णांनाही तो लक्षात राहायला हवा होता. पडदा उघडला आणि वर तारीख दिसली: १ जानेवारी १९७०, पहाटेचे ५ वाजून ३४ मिनिटे.

या तारखेचा उलगडा सोपा आहे, तरी मला ती दर वेळी चकवते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स ही संगणक-प्रणाली आहे, आणि तिने युनिक्स या तिच्याहून जुन्या प्रणालीकडून घेतलेल्या कालगणनेत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या हिशेबाने, किती सेकंद उलटले त्याची मोजदाद. बॅटरी काढली की आमच्या फोनातले घड्याळ थांबते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते; आणि आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे भारतातल्या फोनात शून्य म्हणजे पहाटेचे साडेपाच. चार मिनिटे त्याला जागे व्हायला लागली होती. (अशा जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांची मोजदाद दुसऱ्या टोकालाही संपणार आहे: १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की पुढच्या सेकंदाला ती १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडेल. तोवर हा फोन टिकला, तर त्याला निजामाच्या राज्यात जाग येईल.)

पुतण्या म्हणाला, “आत्या, वायफाय लावा, तारीख आपोआप येईल.” ते खरे होते, आणि तेच मला नको होते. माझे मत असे आहे की जुना फोन चालू झाल्यावर त्याला सर्वांत आधी नेटवर्कपासून दूर ठेवावे, विमान-मोड लावावा, आणि आपल्याला हवे ते काढून घेईपर्यंत तसेच राहू द्यावे. जाळ्यात शिरताच तो सात वर्षांचे राहिलेले काम एकदम करू पाहतो. मुळात चारच जीबी जागा, ती अद्ययावत होण्याच्या धडपडीत भरून जाते, खाती नव्याने ओळख मागतात, आणि खात्याशी जोडलेली एखादी गोष्ट दुसरीकडे आपण पुसलेली असेल तर ती इथूनही पुसली जाते. शिवाय इतक्या जुन्या आवृत्तीला सुरक्षेची ठिगळे लावणे केव्हाच बंद झाले आहे. तारीख चुकीची असताना संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांवर ‘अमुक दिवसापासून वैध’ असे लिहिलेले असते आणि १९७० मध्ये ती वैध झालेलीच नसतात. फोन आणि जग यांचा एकमेकांवर विश्वास बसत नसताना मध्ये पडून घाईने समेट घडवण्यात अर्थ नव्हता.

फोटोंच्या आधी मला गजर दिसले. पाच गजर लावलेले होते, सगळे रात्रीचे: १०:१०, १२:०५, २:१०, ३:१५, ४:००. प्रत्येकाचे नाव ‘लाइट’. शेतीला वीज तेव्हा रात्रीच्या पाळीने मिळे, आणि आठवड्याप्रमाणे पाळी बदलली की मी अण्णांसाठी गजर बदलत असे. संपर्कांच्या यादीत ‘ट’ अक्षराखाली ‘टँकर १’, ‘टँकर २’, ‘टँकर मामा’, ‘टँकर रात्री’ अशी चार नावे ओळीने होती. मामा कोण हे मला आता सांगता येत नाही. आईला विचारले, तर तिने त्या माणसाच्या टँकरचा रंग सांगितला.

फोटो सापडला. तो एकच होता, आणि सर्व फोटोंच्या तळाशी, गणपतीच्या आणि शिवजयंतीच्या फोटोंच्याही खाली जाऊन बसला होता. तपशिलात वेळ पाहिली: १ जानेवारी १९७०, ५ वाजून ५२ मिनिटे. मग तो दिवस आठवला. विहिरीच्या कडेवर फोन गोठला होता, मी बॅटरी काढून परत बसवली होती, आणि शेतात रेंज नसल्यामुळे त्याला खरी वेळ मिळालीच नव्हती. चालू केल्यानंतर बावीस मिनिटांनी फोटो निघाला, एवढेच त्या वेळेवरून कळत होते. मी पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहिले, तिथे ५:४१ झाले होते. फोनच्या हिशेबाने तो फोटो अजून काढला जायचा होता.

आता अडचण अशी की फोटो असूनही वाद मिटेना. त्यात गोल भिंत होती, गाळात उभे असलेले दोघेजण होते, दोरीला लटकलेले घमेले होते, आणि भिंतीत उजवीकडे, वरच्या बाजूला, ओलीने काळी झालेली एक कपार स्पष्ट दिसत होती. तो झरा, यात शंका नव्हती. पण विहीर गोल. वरून काढलेल्या फोटोत उगवत कोणती आणि उत्तर कोणती? भिंतीच्या एका अंगाला ऊन होते. सकाळ असेल तर ऊन मावळतीच्या भिंतीवर पडते, दुपार टळल्यावर उगवतीच्या. फोटोची वेळ खरी असती, तर त्या उन्हावरून दिशा काढता आली असती, आणि वेळ होती पहाटे ५:५२. तात्या म्हणाले, “पहाटं कुठलं ऊन?” त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

अण्णांनी चश्मा लावला. फोटोऐवजी त्यांनी आधी तारीख वाचली, कारण ती मी त्यांना वाचून दाखवली होती आणि ती त्यांच्या मनात अडकली होती. “सत्तर साल,” ते म्हणाले. “सत्तर साली मी मोट हाकत होतो हितं.” १९७० मध्ये अण्णा अठरा वर्षांचे होते. लातूर हा जिल्हा व्हायला अजून बारा वर्षे होती, तो उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. आमच्या शिवारात विजेचा खांब नव्हता. बहात्तरचा दुष्काळ अजून पडायचा होता. त्या वर्षीची दोन बैलांची नावे, त्यांतला कोणता धावेवरून, म्हणजे मोट ओढायच्या उतारावरून, उलटे येताना अडून बसे, हे सर्व त्यांनी सांगितले. तात्या तेव्हा दहा वर्षांचे. ते मोटेची सोंड थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडात, रिकामी होताना खाली पाटात पाय सोडून बसत. दोघे भाऊ आठ दिवसांत पहिल्यांदाच एकमेकांची वाक्ये पुरी करत होते, आणि मला फोन परत मागवेना.

मग अण्णांचे बोट पडद्यावर थांबले. फोटोच्या वरच्या कडेला दोन लांबट दगड विहिरीत डोकावल्यासारखे पुढे आलेले होते. मी ते लहानपणापासून पाहिले होते, २०१७ च्या बांधकामात ते काढून गोठ्याच्या पायरीला लावले हेही मला माहीत होते, पण त्यांना माझ्या लेखी ‘पडझड’ याखेरीज नाव नव्हते.

“हे थारोळ्याचे दगडं की. तात्या, थारोळं कुणीकडं होतं?”

“उत्तरंला,” तात्या म्हणाले.

थारोळे समोर, म्हणजे मी दक्षिणेला उभी राहून उत्तरेकडे तोंड करून फोटो काढला होता. म्हणजे उजवा हात उगवतीचा. कपार उजवीकडे होती खरी, पण पार उजवीकडे नव्हती, दगडांच्या बरीच जवळ होती. ईशान्येला. दोघांनीही तो आपलाच विजय मानला. तात्यांनी लगोलग स्वतःच्या फोनने या फोनच्या पडद्याचा फोटो काढला, त्यात त्यांच्या अंगठ्याची सावली आली, आणि तो तसाच बोअरवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवून दिला. मी मागाहून मूळ फोटो ब्लूटूथने माझ्या फोनवर घेतला. ब्लूटूथला साल कोणते आहे याच्याशी देणेघेणे नसते, त्यामुळे काही मिनिटांत तो आला.

बाकीचे फोटोही त्याच रात्री काढून घेतले, कारण अशा फोनातली साठवण कायमची नसते. तिच्यातला विद्युतभारही वर्षांगणिक झिरपून जातो. पाचही गजर मी बंद केले नाहीत. बॅटरी पन्नास टक्क्यांच्या आसपास असताना फोन बंद केला, कारण ठेवणीतल्या बॅटरीला तेवढीच पातळी मानवते, पुरी भरलेलीही नाही आणि रितीही नाही. बॅटरी काढली, पुन्हा दोन फडकी, पुन्हा ट्रंक.

बोअरवाला चौथ्या दिवशी आला. विहिरीत मोटर लावून पाणी उपसले, यंत्र खाली सोडण्याआधी त्याने जागा विचारली, आणि तात्यांच्या अंगठ्याच्या सावलीमुळे कपार नीट दिसेना. अण्णा म्हणाले, “माय, तुझ्या मोबाइलातला चांगला फोटो दाव की.” मी गॅलरी उघडली. वर कालचे फोटो होते, त्याखाली गेल्या वर्षीचे, त्याखाली लग्नकार्यांचे. बोअरवाला कडेवर उकिडवा बसून वाट पाहत होता, आणि मी अंगठ्याने पडदा वर सारत सारत २०२४, २०२१, २०१९ ओलांडून खाली जात होते, कारण माझ्या नव्या फोनानेही तो फोटो १ जानेवारी १९७० लाच, पार तळाशी नेऊन ठेवला होता.